पायथनने १९ जुनी अवजारं काढून टाकली. पण ‘आता हे वापरतंय कोण?’ हे ठरवायचं कोणी?

ऑक्टोबर २०२४. डिस्कॉर्ड या चॅटिंग ॲपवर स्वतःचे बॉट चालवणाऱ्या अनेकांनी कॉम्प्युटरवर पायथनची नवी आवृत्ती टाकली आणि कालपर्यंत व्यवस्थित चालणारा बॉट सुरूच होईना. कोडमध्ये एका अक्षराचाही बदल केलेला नव्हता. स्क्रीनवर एरर एवढाच की ‘ऑडिओऑप’ नावाचं मॉड्यूल सापडत नाही.

हे ऑडिओऑप काय आहे, हेच अनेकांना माहीत नव्हतं. आपण ते कधी वापरलंच नाही, असं त्यांना वाटत होतं. पण बॉट बनवायला ते जी लोकप्रिय लायब्ररी वापरत होते, ती आवाज कमी-जास्त करण्यासाठी आतून ऑडिओऑपची मदत घेत होती. त्यामुळे ज्यांच्या बॉटचा आवाजाशी काडीचाही संबंध नव्हता, तेसुद्धा अडकले.

हा बग नव्हता. पायथन बनवणाऱ्यांनी चर्चा करून, ठरवून ऑडिओऑप काढलं होतं. त्याच्यासोबत आणखी १८ मॉड्यूल्सही गेली.

जुनं झालंय, मोजकेच लोक वापरतात, मग टाकून द्या. ऐकायला सोपं वाटतं. पण कोट्यवधी लोक ज्याच्यावर अवलंबून आहेत अशा सॉफ्टवेअरमध्ये हा निर्णय कसा घेतात? आणि तो चुकला तर फटका कोणाला बसतो? समजून घेऊया.

‘सेलसकट’ मिळणारी भाषा

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा १९९१ मध्ये पहिल्यांदा सगळ्यांसाठी खुली झाली. आज ती सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये शिकवली जाते, बँकांच्या यंत्रणांमध्ये आहे, संशोधनात आहे आणि एआयच्या बहुतेक कामांतही आहे. ती फुकट आहे आणि तिचा कोड कोणालाही पाहता येतो.

पायथनची जुनी ओळख म्हणजे ‘बॅटरीज इन्क्लुडेड’. खेळणं विकत घेतलं की सेल वेगळे आणावे लागतात, पण इथे सेल खोक्यातच असतात. म्हणजे पायथन इन्स्टॉल केलं की त्यासोबत शेकडो तयार अवजारं येतात. तारखांचा हिशोब, ईमेल पाठवणं, झिप फाइल उघडणं, सगळं आत आहे. या संग्रहाला ‘स्टँडर्ड लायब्ररी’ म्हणतात.

नव्वदच्या दशकात ही फार मोठी सोय होती. इंटरनेट मंद होतं. बाहेरून एखादं पॅकेज शोधून आणणं म्हणजे डोकेदुखी. त्यामुळे जे जे उपयोगी वाटलं, ते आत टाकलं गेलं.

अडचण अशी की टॉर्चमध्ये सेल वर्षानुवर्षं तसेच ठेवले की ते पाझरायला लागतात. २०१९ मध्ये पायथनच्या मुख्य डेव्हलपर्सच्या बैठकीत अँबर ब्राऊन यांनी नेमकं याच मुद्द्यावर बोट ठेवलं. सेल सोबत येतात खरे, पण ते आता गळतायत, असा त्यांच्या मांडणीचा सूर होता. त्याच मे महिन्यात ख्रिश्चन हाइम्स यांनी एक प्रस्ताव मांडला. पुढे ब्रेट कॅनन त्याचे सहलेखक झाले. प्रस्तावाचा क्रमांक होता पेप ५९४ आणि विषय होता स्टँडर्ड लायब्ररीतले मेलेले सेल काढून टाकणं.

या यादीत होतं काय?

यादी वाचताना कॉम्प्युटरच्या इतिहासाचं संग्रहालय पाहिल्यासारखं वाटतं.

एनएनटीपीलिब: यूझनेटवरचे मेसेज वाचण्यासाठी. यूझनेट १९८० मध्ये सुरू झालं, म्हणजे वर्ल्ड वाइड वेबच्याही आधी. २२ फेब्रुवारी २०२४ पासून तर गुगल ग्रुप्सनेही यूझनेटवर नवा मजकूर टाकण्याची सोय बंद केली.

सनएयू: सन मायक्रोसिस्टिम्सच्या ऑडिओ फाइल्स हाताळण्यासाठी. ही कंपनी २०१० मध्येच ओरॅकलने विकत घेतली.

यूयू: ईमेलमधून फक्त साधी अक्षरं जात असत, तेव्हा फोटो किंवा इतर फाइल अक्षरांत बदलून पाठवण्यासाठी.

सीजीआय: सुरुवातीच्या काळातल्या वेबसाइट्सवर कोणी फॉर्म भरला की तो वाचण्यासाठी. यात येणाऱ्या प्रत्येक विनंतीसाठी सर्व्हरवर नवा प्रोग्राम सुरू करावा लागतो. आजच्या मानाने ही पद्धत फारच संथ.

टेलनेटलिब: दुसऱ्या मशीनशी टेलनेटने बोलण्यासाठी. टेलनेटमध्ये पासवर्डसकट सगळं उघडं जातं, वाटेत कोणीही वाचू शकतं.

इमजीएचडीआर: फाइलचे सुरुवातीचे काही बाइट पाहून ती जेपीजी आहे की पीएनजी, हे ओळखण्यासाठी.

यांच्यासोबत क्रिप्ट, मेलकॅप, पाइप्स, ऑडिओऑप अशी एकूण १९ मॉड्यूल्स होती.

पडून राहिलं तर बिघडलं कुठे?

हा सगळ्यात साहजिक प्रश्न. माळ्यावरचं जुनं सामान जागा अडवतं. पण या मॉड्यूल्सचा आकार नगण्य आहे. हार्ड डिस्क भरून वाहतेय असं काही नाही. मग राहू द्या की तिथेच!

पण वापरात नसलेला कोडही सांभाळावा लागतो आणि ते काम माणसांनाच करावं लागतं.

एनएनटीपीलिबचंच बघा. पायथनमध्ये कोणताही बदल केला की आधीचं सगळं नीट चालतंय ना, हे आपोआप तपासणाऱ्या टेस्ट असतात. एनएनटीपीलिबच्या टेस्टला खऱ्याखुऱ्या न्यूज सर्व्हरशी जोडून पाहावं लागायचं. ते सर्व्हर कधी बंद असायचे, कधी मंद. मग टेस्ट फेल. आपल्या बदलामुळे काही मोडलं का, हे शोधण्यात कोणाचा तरी वेळ जायचा आणि शेवटी कळायचं की दूरचा कुठला तरी सर्व्हर झोपला होता. जे फारसं कोणी वापरत नाही, त्यासाठी हा खटाटोप पुन्हा पुन्हा.

दुसरा खर्च सुरक्षेचा. मेलकॅप या मॉड्यूलमध्ये एक त्रुटी सापडली होती. चुकीच्या हेतूने ठेवलेल्या नावाची फाइल त्याच्यामार्फत उघडली, तर सिस्टिमवर भलतीच कमांड चालवता येण्याची शक्यता होती. वापरणारे थोडे असोत नाहीतर जास्त, त्रुटी नोंदली गेली की कोणीतरी बसून ती निस्तरायला लागते. आणि तो कोड लिहिणारा माणूस अनेकदा केव्हाच प्रकल्प सोडून गेलेला असतो.

जुनं काही ठेवून दिल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे जगाने डिसेंबर २०२१ मध्ये पाहिलं. जावा भाषेतल्या प्रोग्रामच्या नोंदी ठेवणारी लॉगफोरजे ही लायब्ररी. तिच्यात २०१३ मध्ये एक सोय टाकली गेली होती. नोंदीत विशिष्ट पद्धतीने काही लिहिलं, तर लायब्ररी बाहेरच्या सर्व्हरवरून माहिती आणायची. याच वाटेने हल्लेखोरांना दुसऱ्याच्या सर्व्हरवर आपला कोड चालवता येतो, हे उघड झालं. या त्रुटीला गंभीरतेच्या मोजपट्टीवर १० पैकी १० गुण मिळाले. जगभरातल्या कंपन्यांचे आयटी विभाग त्या आठवड्यात झोपले नाहीत. लायब्ररी सांभाळणाऱ्यांपैकी एकाने तेव्हा जाहीरपणे सांगितलं की ही सोय आम्हालाही आवडत नव्हती, पण जुन्या वापरकर्त्यांचं काही मोडू नये म्हणून ठेवावी लागली.

म्हणजे ‘राहू दे, कोणाला त्रास होतोय’ हासुद्धा एक निर्णयच असतो. त्याचं बिल फक्त उशिरा येतं.

मग काढायला हरकत कोणाची?

टेलनेट असुरक्षित आहे, हे खरंच. पण कॉलेजच्या आणि कंपन्यांच्या लॅबमध्ये जुने राउटर आणि स्विच असतात. त्यांतल्या काहींना टेलनेटशिवाय दुसरी भाषाच कळत नाही. तिथल्या नेटवर्क इंजिनिअरने दहा वर्षांपूर्वी पंधरा ओळींची स्क्रिप्ट लिहून ठेवलेली असते. ती रोज रात्री चालते. ती कुठल्या मॉड्यूलवर उभी आहे, हे आता कोणाच्या लक्षातही नसतं.

असा माणूस पायथनच्या चर्चेत भाग घेत नाही. पेप ५९४ नावाचं काही आहे, हेही त्याला माहीत नसतं. त्याचं सगळं सुरळीत चाललेलं असतं, म्हणून तो गप्प असतो. आणि गप्प असलेला वापरकर्ता आकडेवारीत ‘नाही’ म्हणून धरला जाण्याचा धोका असतो.

बरं, आकडे मोजता येतील का? इथेच खरी गोम आहे. बाहेरून आणायच्या पॅकेजचे डाउनलोड मोजता येतात. स्टँडर्ड लायब्ररी मात्र पायथनसोबतच येते, त्यामुळे तिच्यातलं अमुक मॉड्यूल किती जणांनी वापरलं, याची कुठे नोंदच होत नाही. इंटरनेटवर खुला असलेला कोड शोधून अंदाज बांधता येतो. पण कंपन्यांच्या, कारखान्यांच्या, प्रयोगशाळांच्या आतला कोड त्यात दिसत नाही. आणि जुनी अवजारं नेमकी तिथेच जास्त असतात.

त्यामुळे ‘हे आता कोणी वापरत नाही’ हे वाक्य सॉफ्टवेअरमध्ये जवळपास कधीच पूर्ण खरं नसतं. ‘आम्हाला वापरताना कोणी दिसत नाही’ इतकंच खात्रीने म्हणता येतं.

मग ठरवलं कसं?

पेप ५९४ ची जमेची बाजू ही की त्यात वय हा एकमेव निकष नव्हता. प्रत्येक मॉड्यूलचा वेगळा विचार केला गेला. ते ज्या तंत्रज्ञानासाठी बनलं, ते तंत्रज्ञान आज जिवंत आहे का? त्याला चांगला पर्याय आहे का? त्याची जबाबदारी घेणारं कोणी आहे का? ते सुरक्षित आहे का? आणि ते सांभाळायला किती कष्ट पडतात?

यातून काही जुनी मॉड्यूल्स वाचलीसुद्धा. रंगांचे आकडे एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत बदलणारं कलरसिस हे मॉड्यूल जुनंच आहे. पण वेबचं काम करणाऱ्यांनी सांगितलं की आम्हाला ते लागतं. शिवाय कोड इतका साधा की सांभाळायला काही कष्टच नाहीत. म्हणून ते राहिलं.

वेव्ह या मॉड्यूलची गोष्ट तर आणखी छान आहे. ते डब्ल्यूएव्ही ऑडिओ फाइल्स हाताळतं. हा फॉरमॅट अजून वापरात आहे, हे एक कारण. दुसरं कारण प्रस्तावातच नोंदवलंय, ते म्हणजे कॉम्प्युटरमधून आवाज कसा काढायचा हे मुलांना शिकवताना वेव्ह वापरलं जातं. व्यावसायिक उपयोग किती, एवढंच पाहिलं असतं तर हा मुद्दा सुटला असता.

उलट सीजीआयबद्दल तर पायथनच्या २००० सालच्या एका प्रस्तावातच म्हटलं होतं की त्याची रचना मुळात सदोष आहे आणि आता ती सुधारणं जवळपास अशक्य आहे. तरीही ते पुढे दोन दशकांहून जास्त काळ टिकलं. टाकणं सोपं असतं, काढणं किती अवघड असतं, याचा हा पुरावाच.

आधी सूचना दिली नव्हती का?

दिली होती, आणि भरपूर आधी. प्रस्ताव २०१९ मध्ये आला. तो मंजूर व्हायला २०२२ उजाडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पायथन ३.११ आलं आणि त्यात ही १९ मॉड्यूल्स वापरली तर ‘हे लवकरच जाणार आहे’ अशी वॉर्निंग येऊ लागली. ऑक्टोबर २०२३ मधल्या ३.१२ मध्येही ती होती. ७ ऑक्टोबर २०२४ ला ३.१३ आलं आणि मॉड्यूल्स गेली.

ही सावधगिरी उगाच नव्हती. पायथनने याआधी एकदा मोठा चटका खाल्लाय. २००८ मध्ये पायथन ३ आलं, तेव्हा पायथन २ मधला बराचसा कोड त्यात चालत नव्हता. लोकांनी बदलायला नकार दिला. पायथन २ चा पाठिंबा २०१५ मध्ये थांबवायचा होता, तो २०२० पर्यंत वाढवावा लागला. एका बदलाला अकरा-बारा वर्षं!

मग डिस्कॉर्ड बॉटवाल्यांना वॉर्निंग का दिसली नाही? कारण पायथन ही विशिष्ट प्रकारची वॉर्निंग सगळ्यांना दाखवतच नाही. तुम्ही जी फाइल थेट चालवता, तिच्यातच जुनं मॉड्यूल वापरलं असेल तर वॉर्निंग दिसते. पण तुम्ही वापरत असलेल्या लायब्ररीच्या पोटात ते असेल, तर वॉर्निंग मुद्दाम लपवलेली असते. यामागे तर्क आहे. जो कोड सामान्य वापरकर्त्याने लिहिलेलाच नाही, त्याची वॉर्निंग दाखवून त्याला घाबरवायचं कशाला? ती लायब्ररी लिहिणाऱ्याने टेस्ट करताना पाहावी.

तर्क बरोबर आहे, पण एका गोष्टीवर अवलंबून आहे. ती लायब्ररी लिहिणारा माणूस अजून लक्ष देतोय का? डिस्कॉर्डच्या लायब्ररीमागे लोक होते, म्हणून मार्ग निघाला. ज्या लायब्ररीकडे कोणी फिरकतच नाही, तिच्यावर विसंबलेल्यांना पहिली सूचना थेट एररच्या रूपात मिळते.

काढलं म्हणजे संपलं का?

नाही. हे समजून घेणं फार महत्त्वाचं आहे.

पहिली गोष्ट, पायथन ३.१३ आलं म्हणून जुनी आवृत्ती कोणाच्या कॉम्प्युटरमधून पुसली गेली नाही. प्रत्येक आवृत्तीला साधारण पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट मिळतात. ही मॉड्यूल्स असलेल्या ३.१२ ला ते ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. म्हणजे सवड आहे.

दुसरी गोष्ट, कोड खुला असल्यामुळे ज्यांना गरज होती त्यांनी तो उचलून वेगळा ठेवला. ऑडिओऑप आता ‘ऑडिओऑप-एलटीएस’ या नावाच्या स्वतंत्र पॅकेजमध्ये मिळतं. डिस्कॉर्डची लायब्ररी नव्या पायथनवर तेच वापरते. सीजीआयसाठी ‘लेगसी-सीजीआय’ आहे. अवजार नाहीसं झालं नाही. ते सगळ्यांच्या घरातून गेलं आणि ज्याला हवं त्याच्या घरी राहिलं.

याच आवृत्तीत पेप ५९४ च्या यादीबाहेरचंही एक अवजार गेलं, टू-टू-थ्री. पायथन २ चा कोड पायथन ३ मध्ये बदलून देण्यासाठी ते बनवलं होतं. इमारत उभी राहिली की परांची उतरवतात, तसंच हे. शिवाय त्याची आतली यंत्रणा जुनी होती, पायथनची नवी वाक्यरचना तिला कळत नव्हती. पण कोड नीटनेटका मांडून देणाऱ्या ब्लॅक या टूलला त्यातला एक भाग हवा होता. त्यांनी त्याची स्वतःची प्रत आधीच वेगळी करून ठेवली होती. त्यामुळे त्यांचं काम अडलं नाही.

मग निर्णय बरोबर की चूक?

आमच्या मते काढण्याचा निर्णय बरोबर होता. ज्याची जबाबदारी घ्यायला कोणी नाही, असा कोड जगभरातल्या कॉम्प्युटरमध्ये जात राहणं धोक्याचं आहे. आणि त्याचा भार मुख्यतः थोड्या लोकांवर पडतो, ज्यांतले कित्येक जण हे काम पगाराशिवाय करतात. टेलनेटच्या पंधरा ओळी वापरणाऱ्या इंजिनिअरची अडचण खरी आहे. पण त्याच्या सोयीसाठी दुसऱ्या कोणी कायम फुकट राबावं, ही अपेक्षाही रास्त नाही.

तरीही दोन्ही बाजूंचा भार सारखा नाही. काढणाऱ्यांना वर्षानुवर्षं चर्चा करता आली. ज्यांचं काम अडलं, त्यांच्यातल्या अनेकांना कळलं ते काम अडल्यावरच. आणि तेव्हा दिसलेल्या एररमध्ये एवढंच होतं की मॉड्यूल सापडत नाही. ते का गेलं, त्याऐवजी काय वापरायचं, याबद्दल त्या ओळीत काहीही नव्हतं. दुकान दुसरीकडे हलवलं तर जुन्या शटरवर पत्ता लिहून जातात. तेवढी पाटी इथे हवी होती. तिला फारसा खर्चही आला नसता.

त्यामुळे कुठल्याही प्रकल्पात, मग ती जागतिक भाषा असो नाहीतर तुमच्या ऑफिसातलं बिलिंगचं सॉफ्टवेअर, जुनं काही काढण्याआधी ‘हे किती जण वापरतात?’ एवढं विचारून भागत नाही. हे ठेवायची किंमत कोण मोजतंय? काढल्याची किंमत कोण मोजणार आणि त्याच्यापर्यंत बातमी पोहोचली आहे का? त्याला दुसरा रस्ता आहे का, आणि तो सापडेल असा आहे का? या प्रश्नांची उत्तरं मिळाली, तर जुनं काढणं हा अन्याय ठरत नाही. एकाचंही उत्तर ‘माहीत नाही’ असेल, तर आधी ते शोधावं.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

तुम्ही पायथन शिकत असाल आणि जुनं पुस्तक किंवा यूट्यूबवरचा जुना व्हिडिओ पाहून टाइप केलेला कोड ‘मॉड्यूल सापडत नाही’ म्हणत असेल, तर चूक तुमची असेलच असं नाही. आधी पायथनची आवृत्ती तपासा. ३.१३ किंवा त्यापुढची असेल, तर ते मॉड्यूल काढलेल्या यादीत आहे का ते पाहा.

असेल, तर मिळत्याजुळत्या नावाचं दिसेल ते पॅकेज घाईघाईने इन्स्टॉल करू नका. मिळत्याजुळत्या नावाखाली कोणीही काहीही ठेवू शकतं. ते कोण सांभाळतंय, शेवटचा अपडेट कधीचा आहे, हे आधी बघा. पायथनच्या अधिकृत माहितीत काढलेल्या मॉड्यूल्सचे पर्याय दिलेले आहेत, सुरुवात तिथून करा.

आणि तुमच्या कंपनीत, कॉलेजात किंवा संस्थेत रोज रात्री गुपचूप चालणारी एखादी जुनी स्क्रिप्ट असेल, तर ती ऑक्टोबर २०२८ च्या आधी एकदा उघडून पाहा. ती कशावर उभी आहे, हे लिहून ठेवा. पुढची यादी बनेल तेव्हा ती बनवणाऱ्यांना तुमची स्क्रिप्ट दिसणार नाही. ती आहे, हे तुम्हालाच सांगावं लागेल.